अंतोनियाला किती ठाऊक होतं?

१५६३ साली गोव्यात छापलेलं गार्सिया द ऑर्टाचं ‘कोलोकियुश’ हे औषधी वनस्पतींवरचं पुस्तक म्हणून ओळखलं जातं. वाशीममध्ये बसून मी ते फोनवर इंग्रजी अनुवादातून वाचलं, तेव्हा मला ते आधी एका घराचं पुस्तक वाटलं.

पोर्तुगीज वैद्य ऑर्टा आणि रुआनो हा काल्पनिक स्पॅनिश पाहुणा गप्पा मारत बसतात. मध्येच मुंबईहून आंबे येतात. अहमदनगरच्या निजामशहाचे किस्से निघतात. मालुपा नावाचा हिंदू वैद्य बोलून जातो. एकेका औषधाला चार भाषांतली नावं मिळतात. जुन्या ग्रीक ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं खरं, हा ऑर्टाचा हट्ट मला आवडतो.

पण पाहायची वस्तू समोर आणून ठेवतं कोण? अंतोनिया, घरातली दासी. हाक मारली की ती येते, बोलते क्वचितच. संवादाचा हा घाट सगळ्यांना घरात घेतो, पण बसायला जागा दोघांनाच देतो. ही पुस्तकाची उणीव आहे आणि तीच त्याची खरी साक्षही: गोव्यात अनेक भाषा एका छपराखाली होत्या, बरोबरीने नव्हत्या.

ते छप्पर ऑर्टालाही पुरलं नाही. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने जाळलं, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. म्हणून या मोकळ्याढाकळ्या गप्पांत तो काय बोलतो याइतकंच काय गिळतो, तेही ऐकत वाचावं.