जुळवणी की जुळवाजुळव?

गिटारच्या सहा तारांचे स्वर ठरलेले असतात आणि ते बदलायचे नसतात, अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. क्लासच्या पहिल्याच दिवशी ई-ए-डी-जी-बी-ई ही सहा अक्षरं पाठ होतात, मोबाइलवरचं ट्यूनर ॲप हिरवं झालं की तार लागली, आणि मग उरलेलं शिक्षण डाव्या हाताच्या बोटांचं. वाई असो, सातारा असो की सांगली, चित्र साधारण असंच दिसतं. याच क्लासमधली मुलं पुढे रोलिंग स्टोन्स, लेड झेपलिन, ऑलमन ब्रदर्स ऐकतात आणि ती गाणी वाजवायला बसतात. सूर बरोबर येतात, गाणं मात्र येत नाही. कारण त्यातली कित्येक गाणी या सहा अक्षरांत बांधलेलीच नाहीत.

ब्लूज आणि त्यातून निघालेल्या रॉकचा मोठा भाग 'ओपन ट्यूनिंग'वर उभा आहे. ओपन म्हणजे मोकळ्या तारा एकदम छेडल्या की त्यातून पूर्ण कॉर्ड वाजावा, अशी जुळवणी. पाश्चात्त्य अक्षरं बाजूला ठेवून ती सरगमीत मांडली की आपल्या कानाला ती लगेच उमगते. नेहमीच्या जुळवणीत तळाची तार षड्ज मानली तर पुढचे स्वर होतात सा, म, कोमल नि, कोमल ग, प, सा. कुठलाही कॉर्ड हाताशी यावा म्हणून केलेली ही तडजोड आहे, आणि तिच्यात कुठल्याच एका षड्जाचं राज्य नाही. ओपन ई किंवा ओपन डी मात्र सरळ सा, प, सा, ग, प, सा. ओपन जी म्हणजे प, सा, प, सा, ग, प. आणि ज्याचा फार बोलबाला झाला ते डॅडगॅड म्हणजे सा, प, सा, म, प, सा. त्यात गांधारच नाही, त्यामुळे राग म्हणा, मूड म्हणा, तो वाजवणाऱ्याने ठरवायचा.

रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सचं उदाहरण या मांडणीतून स्वच्छ कळतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने ओपन जी हाती घेतलं आणि सहावी तार काढूनच टाकली. ही त्याची लहर नव्हती. तळाचा पंचम गेला, षड्ज तळाला आला आणि गिटार सा, प, सा, ग, प अशी पाच तारांची झाली. 'हॉन्की टॉन्क विमेन' (१९६९), 'ब्राउन शुगर' (१९७१), 'स्टार्ट मी अप' (१९८१) या गाण्यांची ठेवण या पाच तारांतून आली आहे. ड्वेन ऑलमनने १९७१ च्या फिलमोर ईस्टच्या मैफलीत ओपन ईवर औषधाची काचेची बाटली तारांवर सरकवत स्लाईड वाजवली. त्यांच्या आधी मिसिसिपी डेल्टातल्या सन हाउस, रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स यांनी हा मार्ग मळून ठेवला होता. स्किप जेम्सने तर कोमल गांधाराची उदास जुळवणी वापरली. थोडक्यात, ब्लूजवाल्यांसाठी जुळवणी हा गाण्याच्या रचनेचा पहिला निर्णय आहे.

भारतात या विचाराला दोन दारांनी प्रवेश मिळाला, पण ती दोन दारं एकाच घराची आहेत हे फारसं कुणी पाहिलं नाही. पहिलं दार हवाईयन गिटारचं; तीही मोकळ्या कॉर्डात जुळवून, वर सळई सरकवत वाजवायची. ताऊ मो यांच्यासारख्या हवाईच्या कलावंतांनी ती कोलकात्यात लोकप्रिय केली, मुंबईत व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी चित्रपटसंगीताच्या वाद्यधुनी तिच्यावर वाजवल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडला. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आजही घराघरांत असते. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफा लावून मोहनवीणा घडवली. राय कूडरबरोबर त्यांनी केलेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला १९९४ चं ग्रॅमी मिळालं. हा कूडर तोच, ज्याच्याकडून कीथ रिचर्ड्सने ओपन जी उचललं. म्हणजे स्टोन्सचं रॉक आणि भट्टांचा राग यांच्यामध्ये फक्त एक माणूस उभा आहे.

दुसरं दार मुंबईचं. १९७२ मध्ये लेड झेपलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी मुद्रित केली. 'फ्रेंड्स'ची मूळ जुळवणी सा, ध, सा, प, सा, ग. ही मुद्रणं २०१५ पर्यंत अधिकृतपणे बाहेर आली नाहीत. ऐकताना जाणवतं की तबला आणि तंतुवाद्यं गाण्याला फोडणी देऊन जातात, जुळवणीशी संवाद मात्र होत नाही. पाश्चात्त्य रॉकला भारतीय रंग लावला, एवढंच ते राहतं. त्यापेक्षा पेजचं १९६९ चं 'ब्लॅक माउंटन साइड' अधिक आतून आलेलं वाटतं. डॅडगॅडमधल्या त्या वादनाला विराम जसानी यांचा तबला आहे आणि तिथे मोकळ्या तारा खऱ्या अर्थाने षड्ज-पंचम धरून बसतात.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत मुंबईत ब्लूज रुजला. २०११ पासून मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरू लागला, बडी गायसारखे दिग्गज तिथे वाजवून गेले. वॉरेन मेंडोंसा याने 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने निर्माण केलेलं वाद्यसंगीत कुठल्याही देशात मानाने ऐकलं जाईल. पण या सगळ्या घडामोडीचा ओढा बी. बी. किंग आणि हेंड्रिक्सच्या वाटेकडे आहे. तार ओढून मींड घ्यायची आणि सूर गायला लावायचा, ही ती वाट. ती थोर आहेच. तिच्या शेजारची, मोकळ्या तारांची वाट मात्र आपल्याकडे ओस पडली आहे. आणि हवाईयन परंपरेतल्या गुरूंनी गिटारला सतार-सरोदाच्या पंगतीत बसवण्याच्या भरात रॉक वाजवणाऱ्या पोरांकडे पाहिलंच नाही. डेरेक ट्रक्स नावाचा अमेरिकन मुलगा कॅलिफोर्नियातल्या अली अकबर खाँच्या विद्यालयात जाऊन शिकला आणि ते ऐकणं ओपन ईच्या स्लाईडमध्ये घेऊन आला. आपल्याकडे असा प्रवास अपवादानेच झाला.

या सगळ्यात कृष्णाकाठचं दुर्दैव अधिक बोचतं, कारण जुळवणी हा प्रश्न ज्या गांभीर्याने या पट्ट्यात विचारला गेला तितका क्वचितच कुठे विचारला गेला असेल. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेवर मोजले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. साताऱ्याला न्यायाधीश राहिलेले ई. क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले. दोघांनी मिळून 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' काढली, श्रुतींची हार्मोनियम करवली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झडला. देवलांचे निष्कर्ष सगळे टिकले नाहीत; गाणारा गळा गणिताच्या चौकटीत मावत नाही हा आक्षेप रास्तच होता. पण पेटीचे स्वर हे अंतिम सत्य नव्हे, हा त्यांचा मुद्दा आजच्या गिटारला जसाच्या तसा लागू पडतो. शेजारी मिरजेत शिकलगारांच्या पिढ्यांनी हत्यारांवरून हात काढून तंबोऱ्यांवर ठेवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथला खरा ठेवा मानांकनाच्या आधीचा आहे: जवारी काढणाऱ्या कारागिराचा कान.

आता हे गिटारला कसं लागू होतं ते पाहू. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो पाचवा उपस्वर असतो आणि पियानोच्या किंवा ट्यूनर ॲपच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटने खाली असतो. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले तर सातवा हिस्सा. पंचमाचा फरक जेमतेम २ सेंट, म्हणून तो खटकत नाही. गांधार खटकतो. नेहमीच्या जुळवणीत हा दोष लपतो. पण ओपन ट्यूनिंगमध्ये गांधाराची एक तार सतत मोकळी वाजते. ती ॲपच्या हिरव्या खुणेवर सोडली तर षड्ज-पंचमाच्या भरभक्कम बैठकीवर एक थरथर सुरू होते. त्यात ॲम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन चढलं की ती थरथर गुरगुर होते. रॉकवाले गांधार वगळून नुसते सा-प वाजवतात, त्याचं एक कारण हेच. उलट गांधार स्वयंभू जागी आणला की तोच कॉर्ड कितीही तापवला तरी फाटत नाही. स्लाईड किंवा एक आडवं बोट सगळ्या तारांवर एकाच पडद्याशी ठेवलं तरी हा मेळ तसाच राहतो, कारण सगळ्या तारा एकाच प्रमाणात आखूड होतात.

करून पाहायला यंत्र लागत नाही. ओपन डीमध्ये तळाच्या तारेवर चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे हलकं बोट ठेवून छेडा, काचेसारखा स्पष्ट गांधार येईल. तिसऱ्या तारेवर बाराव्या पडद्याशी तसंच करा. दोन्ही सुरांतली थरथर थांबेपर्यंत तिसरी तार उतरवा. ओपन जीमध्ये हेच पाचव्या आणि दुसऱ्या तारेत जुळवा. नवशिक्याने ओपन ईपेक्षा ओपन डी घेऊन दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी पकड) लावावा हे बरं. ईसाठी तीन तारा चढवाव्या लागतात आणि मानेवर ताण येतो; डीसाठी चार तारा उतरतात, गिटार मोकळा श्वास घेते.

या शुद्ध गांधाराची किंमतही मोजावी लागते. बोटांनी वेगळ्या पडद्यांवर अवघड कॉर्ड धरले की पडद्यांचे स्वर आणि हा गांधार भांडतात, कारण गिटारचे पडदे सतारीसारखे सरकवता येत नाहीत. गाणं पाहून निर्णय घ्यावा लागतो. हा निर्णय घेता येणं म्हणजे जुळवणी. इंटरनेटवरून सहा अक्षरं उतरवून घेणं म्हणजे जुळवाजुळव. ज्या वाईत मराठी विश्वकोशाच्या नोंदी पारखून घेतल्या गेल्या, तिथे तरी ॲपचा हिरवा दिवा बिनशर्त मान्य होऊ नये.

मराठी गाण्याच्या अंगानेही हा विचार झालेला नाही. 'अभंग रिपोस्ट'सारखा मुंबईचा गट अभंग रॉकच्या मंचावर नेतो, तरुण श्रोते येतात, ही चांगली घटना आहे. पण या धाटणीच्या प्रयोगांत पुष्कळदा चालीखाली पाश्चात्त्य कॉर्डांची रांग अंथरली जाते आणि एका षड्जावर स्थिर असलेली चाल उगाच घरं बदलू लागते. सातारा-सांगलीच्या मातीत तर पोवाडा आहे. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांचा पोवाडा एका तुणतुण्याच्या तारेवर उभा राहायचा. शाहिराची ओळ, मागे झीलकऱ्यांचा चढा सूर. डेल्टातलं पोर भिंतीला तार ठोकून डिडली बो वाजवायचं, तीही एकच तार. दोन्हींचं नातं रक्ताचं नाही आणि तसं दाखवायची गरजही नाही. कष्टकऱ्याच्या बोलण्याच्या लयीला एका अढळ सुराचा टेकू देणं, ही युक्ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली, इतकंच. मराठीत खरा ब्लूज रॉक व्हायचा असेल तर तो इंग्रजी बारा बारच्या साच्यात मराठी शब्द कोंबून होणार नाही. मोकळ्या षड्ज-पंचमावर मराठी बोलण्याचा झोक बसवूनच तो होईल.

त्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहायला नको. गिटार क्लासने पहिले काही आठवडे ॲप बंद ठेवून तंबोऱ्यासमोर तार लावायला शिकवावी. मिरजेच्या कारागिराला एकदा क्लासमध्ये बोलवावं आणि गिटारच्या घोडीविषयी त्याचं काय मत आहे ते ऐकावं. हवाईयन गिटार शिकवणाऱ्या गुरूने एक तास ऑलमनला द्यावा आणि रॉकवाल्याने एक तास काब्रांना. एवढं झालं तर पुढच्या पिढीतलं कुणी स्टोन्सचं गाणं वाजवताना पाचच तारा का, हे विचारेल आणि त्याचं उत्तर स्वतःच्या कानाने देईल. ब्लूज रॉक आपल्याकडे आला की नाही, हे त्या दिवशी ठरवता येईल. आज आलेली आहे ती त्याची नक्कल.