युद्धवास्तू : स्मारक आणि साक्ष

विमानवेधी तोफांचे एखादे ठाणे संरक्षित वास्तू म्हणून जाहीर होते, तेव्हा जतन नेमके कशाचे होते? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भारी विमानवेधी तोफांची सुमारे ९८० ठाणी उभारली गेली; त्यांपैकी फारच थोडी आज शिल्लक आहेत. चार अष्टकोनी तोफखड्डे, आतील भिंतींलगत दारूगोळ्याचे कोनाडे आणि मध्यभागी नियंत्रणकक्ष, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असे. तोफगोळा वर पोहोचेपर्यंत विमान पुढे सरकलेले असते. म्हणून त्याची उंची, वेग व दिशा जोखून नेम पुढच्या स्थानावर धरावा लागे. हे गणित त्या मांडणीतच गोठलेले आहे. तोफा हलविल्या, तरी वास्तू साक्ष देते.

ही कसोटी सातारा-सांगली भागास लावून पाहणे उद्बोधक ठरेल. साताऱ्याजवळील अपशिंगे गावी पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ सैनिकांचे स्मारक आहे. ते आदरणीय खरेच. तथापि ते स्मरण आहे, साक्ष नव्हे. सांगलीच्या गणेशदुर्गाची गोष्ट निराळी आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी तेथील तुरुंगातून पहारेकऱ्यांच्या बंदुका हस्तगत करून तटावरून खंदकात उतरले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना हौतात्म्य आले आणि वसंतदादांना गोळी लागली. तटाची उंची आणि खंदकाची रुंदी प्रत्यक्ष पाहिल्यावाचून त्या उडीचे मोल कळणे कठीण.

येथेच संरक्षणविषयक प्रचलित दृष्टीची उणीव उघड होते. १९५८ चा केंद्रीय कायदा प्राचीन स्मारकासाठी किमान १०० वर्षांच्या अस्तित्वाची अट घालतो. ब्रिटनच्या १९७९ च्या कायद्यात वयाची अशी अट नाही. गणेशदुर्गाचा तट वयाच्या अटीत बसतो, पण १९४३ च्या घटनेमुळे नव्हे. उलट प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांना आसरा देणारे एखादे मातीचे घर १९४० च्या सुमारास बांधलेले असेल, तर त्यास २०४० पर्यंत वाट पाहावी लागेल. मातीची भिंत इतकी वाट पाहत नाही.

प्रत्येक जुने घर राखणे शक्य नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर वयात नसून पुराव्यात आहे. जे कागदपत्रांतून कळत नाही, ते ज्या वास्तूच्या रचनेतून कळते, तिला अग्रक्रम मिळावा. तिचे मोजमाप, आराखडा व छायाचित्रे घेण्यास कायद्याची कोणतीही अट आड येत नाही. ही नोंद न करता शेजारी नवा स्तंभ उभारल्यास नावे टिकतील. घटना कशी घडली, हे मात्र सांगता येणार नाही.