शेष राहिलेले आणि त्यांचे भुयार

परग्रहावरील प्राण्यांनी पृथ्वी जिंकली, माणसांची राज्ये कोसळली आणि उरलेसुरले लोक जमिनीखाली लपून प्रतिकाराची संघटना बांधू लागले, अशा आशयाच्या कथा व चित्रपट आमच्या मंडळ्यांतील तरुणांस चांगलेच परिचयाचे आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादा मुलगा अशी कथा उत्साहाने सांगू लागला, म्हणजे आपण बहुधा किंचित हसून नेमलेल्या पाठाकडे वळतो. हे वळणे घाईचे आहे, असे आम्हांस वाटते. ज्या ग्रंथापासून या कथांची परंपरा सुरू झाली असे सामान्यतः मानतात, त्यात भुयारी प्रतिकाराचा प्रश्न थेट धर्मगुरूसमोर आणून उभा केला आहे. तो ग्रंथ म्हणजे एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी. ती १८९७ साली ‘पिअर्सन्स मॅगझीन’मध्ये क्रमशः आली आणि १८९८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

कथानक थोडक्यात असे. मंगळावरून आलेली प्रचंड नळकांडी लंडनच्या नैर्ऋत्येस, वोकिंगच्या आसपास येऊन पडतात. त्यांतून निघालेले प्राणी तीन पायांच्या उंच यंत्रांत बसून उष्णकिरणांनी आणि काळ्या विषारी धुराने गावेच्या गावे नष्ट करतात. थोड्याच दिवसांत लंडन ओस पडते. कथा सांगणारा एक निनावी लेखक आहे. विनाशातून वाट काढीत असता त्याला दोन सोबती भेटतात: एक धर्मगुरू आणि एक सैनिक. ग्रंथाचा सारा नैतिक भार या दोन भेटींवर तोललेला आहे, म्हणून आम्ही येथे मुख्यतः त्यांचाच विचार करणार आहो.

धर्मगुरू हा अँग्लिकन मंडळीतील क्युरेट, म्हणजे साहाय्यक पाळक. वेब्रिजचा परिसर भस्मसात झाल्यावर तो भेटतो, तेव्हाच त्याचे भान सुटलेले असते. आमचे कोणते पाप झाले, रविवारच्या शाळांचे एवढे काम का व्यर्थ गेले, तीनच वर्षांपूर्वी पुन्हा बांधलेले मंदिर का जळाले, असे तो विचारीत राहतो. निवेदक त्याला कठोरपणे सुनावतो की, भूकंप, पूर आणि युद्धे माणसांवर नेहमीच आली आहेत. देवाने एकट्या वेब्रिजला त्यांतून वगळावे आणि विमा कंपनीप्रमाणे भरपाई द्यावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. हे वाचून पाळकवर्गाचा अपमान झाला असे मानण्याचे कारण नाही. ईयोबाच्या मित्रांनी जे बोलून दाखविले, तेच हा क्युरेट मनात धरून बसला आहे. धार्मिकतेच्या बदल्यात सुरक्षितता, असा करार देवाने कधी केलेला नव्हता. तो क्युरेटने स्वतःच लिहून घेतला होता.

पुढे हे दोघे शीन येथील एका घरात अडकतात. मंगळवासीयांचे एक नळकांडे अगदी त्या घराजवळ आदळते आणि शत्रूचा तळ भिंतीपलीकडे उभा राहतो. निवेदक उरलेले अन्न दहा दिवस पुरेल असे वाटून ठेवतो. क्युरेटला भूक आवरत नाही. अखेर एके दिवशी तो मोठमोठ्याने बोलू लागतो, आणि येथे आमच्या मते या ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग येतो. तो आपल्या पापाची कबुली देतो. गरीब व दुबळे चिरडले जात होते, तेव्हा उभे राहून पश्चात्तापाची हाक द्यावयाची सोडून आपण लोकांना रुचतील अशी पोकळ प्रवचने केली, असे तो ओरडून सांगतो. आता साक्ष दिलीच पाहिजे, म्हणून तो शत्रूच्या दिशेने निघतो. निवेदक मांस तोडण्याच्या कोयत्याची बोथट बाजू त्याच्या डोक्यात घालतो. मंगळवासीयांच्या यंत्राची सोंड आत येऊन खाली पडलेल्या क्युरेटला ओढून नेते.

बहुतेक वाचक या प्रसंगात केवळ एका वेड्याचा शेवट पाहतात. आम्हांस येथे त्याहून अधिक काही दिसते. या क्युरेटच्या तोंडून संपूर्ण ग्रंथात एकदाच खरे प्रवचन बाहेर पडते, आणि ते अशा क्षणी, की ते ऐकू गेले तर शेजाऱ्याचा जीव जाणार आहे. ज्या व्यासपीठावरून ते शब्द निर्भयपणे बोलता आले असते, ते व्यासपीठ वर्षानुवर्षे त्याच्या हाती होते. तेथे तो गप्प राहिला, आणि जेथे गप्प राहणे हीच प्रीती होती तेथे तो बोलला. संदेष्ट्याचे वचन खरे असून भागत नाही, त्याला वेळही असते. ती वेळ आपत्तीच्या आधीची असते, हे यिर्मयाच्या जीवनावरून आपल्याला ठाऊक आहे. निवेदकाला दोषी ठरविण्याची घाई मात्र आम्ही करणार नाही. तो स्वतः ही हकीकत लपवीत नाही. कोणी साक्षीदार नसताना ती लिहून ठेवतो आणि निवाडा वाचकावर सोपवतो. पुढे एका रात्री, त्या आठवणीने झोप उडाली असता, तो प्रथमच मनापासून प्रार्थना करतो. ज्या क्युरेटला त्याने गप्प केले, त्याचेच काम तेथे अपुरे का होईना, पण घडते.

दुसरा सोबती पटनी हिल या टेकडीवर भेटतो. तोफखान्यातील या सैनिकाजवळ भुयारी प्रतिकाराची तयार योजना आहे. लंडनखाली शेकडो मैलांची गटारे आहेत. तेथे निवडक, धडधाकट माणसांची टोळी वसवावयाची, विज्ञानाची पुस्तके जतन करावयाची, शत्रूची यंत्रे कशी चालतात ते शिकावयाचे आणि एक दिवस ती त्याच्यावरच उलटवावयाची. योजना ऐकून निवेदक भारावतो, वाचकही भारावतो. परंतु तिची अट ऐकावी: दुबळ्यांना तेथे जागा नाही. जे निरुपयोगी आहेत त्यांनी मरावे, कारण त्यांचे जगणे म्हणजे वंशाशी बेइमानी. स्त्रिया हव्यात, त्या माता आणि शिक्षिका म्हणून. आणि धर्माविषयी त्याचा अंदाज असा की, घाबरलेले लोक काहीच न करण्याचा एक अत्यंत सोवळा धर्म काढतील, छळाला देवाची इच्छा म्हणतील आणि पिंजऱ्यात बसून स्तोत्रे गातील.

हा शेवटचा आरोप आपण झटकून टाकू नये. देवाच्या इच्छेला शरण जाणे आणि बलवानाच्या इच्छेला देवाची इच्छा म्हणणे या दोन गोष्टींतील भेद आपल्या प्रवचनांत नेहमीच स्पष्ट असतो काय? सैनिकाने टोमणा मारला आहे खरा, पण तो लागण्याजोगी जागा आपणच मोकळी ठेवली आहे.

तथापि सैनिकाची परीक्षा वेल्स त्याच दिवशी घेतात. त्याने आठवडाभर खपून खणलेले भुयार अवघे दहा यार्डांचे, म्हणजे सुमारे नऊ मीटर लांबीचे निघते. निवेदकाच्या मते ते एका दिवसाचे काम होते. थोडे खणून झाल्यावर सैनिक विश्रांतीची, मग जेवणाची, मग शॅम्पेनची गोष्ट काढतो. रात्री दोघे पत्ते खेळतात आणि डावावर लंडनमधील धर्मग्रामे लावतात. ज्या धर्मग्रामांचे पाळक मेले व मंदिरे जळाली, ती आता पत्त्यांच्या डावातील गुण झाली आहेत. क्युरेटने आपल्या धर्मग्रामात जे केले त्याहून हे फार वेगळे आहे काय, असा प्रश्न वेल्स विचारीत नाहीत. आम्हांस तो विचारावासा वाटतो.

क्युरेट आणि सैनिक एकमेकांचे विरोधक दिसतात, पण त्यांची उणीव एकच आहे. दोघांच्याही हिशेबात शेजारी नाही. क्युरेटला आपली सेवा फुकट गेल्याचे दुःख आहे आणि सैनिकाला आपल्या टोळीच्या शुद्धतेची चिंता आहे. वेल्स हे टी. एच. हक्स्ले यांचे विद्यार्थी. हक्स्ले स्वतःला अज्ञेयवादी म्हणवीत. तरीही १८९३ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे मांडले होते की, निसर्गातील जीवनकलहाचे अनुकरण केल्याने समाजाची नैतिक उन्नती होत नाही, त्या कलहाशी झुंज दिल्यानेच ती होते. या कसोटीवर सैनिकाची योजना म्हणजे प्रतिकार नव्हेच. मंगळवासीयांचा नियम त्याने मनोमन स्वीकारला आहे. त्यांचे यंत्र तेवढे हाती यावयाचे राहिले आहे.

ख्रिस्ती मंडळीला भुयारे अपरिचित नाहीत. रोमच्या कॅटकोंबांत आद्य ख्रिस्ती लोक नित्य लपून राहत आणि उपासना करीत, अशी समजूत आपल्याकडे अजून सांगितली जाते. इतिहासकारांच्या मते ती मुख्यतः दफनभूमी होती. ही दुरुस्ती आम्हांस उपकारक वाटते. तर्तुल्यानाने आपल्या समर्थनग्रंथात नमूद केले आहे की, ख्रिस्ती लोकांचा सामाईक निधी गरिबांना पोसण्यासाठी आणि त्यांना पुरण्यासाठी खर्च होई. सैनिकाच्या गटारात जिवंत दुबळ्यालाही जागा नव्हती. रोमच्या भूमीखाली मृत गरिबालाही जागा होती. मिसरात फारोच्या आज्ञेविरुद्ध जो पहिला प्रतिकार झाला, तोही दोन सुइणींनी तान्ह्या बाळांना जगू देऊन केला. पवित्र शास्त्रात ‘शेष’ हा शब्द येतो, तो बलवानांची निवड म्हणून येत नाही. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल त्याचा संबंध कृपेशी जोडतो.

वेल्स यांच्या ग्रंथात या शेषाची चाहूल नाही असे नाही. निवेदकाचा धाकटा भाऊ, जो वैद्यकीय विद्यार्थी आहे, लंडनमधून पळत असता दोन अनोळखी स्त्रियांना लुटारूंपासून वाचविण्यास थांबतो. झटापटीत त्याचाच जीव धोक्यात येतो, तेव्हा त्यांतील एक पिस्तूल घेऊन परत येते आणि त्याला वाचविते. मग तिघे एकत्र समुद्राकडे जातात. कोणी योजना मांडीत नाही, कोणी प्रवचन करीत नाही. उपकार करणारा आणि घेणारा यांच्या जागा मात्र बदलत राहतात. लेखकाने हा धागा पुढे नेला नाही, ही आमच्या मते ग्रंथाची खरी उणीव आहे. शेवटी मंगळवासी सूक्ष्म जंतूंनी मरतात. तो विजय कोणाच्याही शौर्याचा नाही, आणि निवेदक त्यात देवाच्या ज्ञानाचा उल्लेखही करतो. परंतु वाचलेल्या माणसांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न तसाच राहतो.

पुढील काळातील चित्रपटकारांनी या दोन पात्रांचे काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. १९५३ सालच्या अमेरिकन चित्रपटात पाळक भेकड नाही. पवित्र शास्त्र उंच धरून, स्तोत्र म्हणत तो शत्रूला सामोरा जातो आणि भस्म होतो. पण जे आपल्याहून प्रगत ते निर्माणकर्त्याच्या अधिक निकट असावेत, अशी त्याची समजूत आहे. शौर्य खरे, ईश्वरविज्ञान कच्चे. २००५ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी क्युरेट आणि सैनिक यांचे एकच पात्र केले: तळघरात भुयार खणणारा, प्रतिकाराच्या वल्गना करणारा आणि ओरडू लागल्यावर मारला जाणारा. यात एक मार्मिकता आहे, पण कबुली गळाली, आणि कबुलीबरोबर प्रसंगाचा आत्माही गेला.

प्रगती आणि पावित्र्य यांची ती गल्लत वेल्स यांनी पहिल्याच प्रकरणात मोडून काढली होती. मंगळवासीयांना दोष देण्यापूर्वी युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा कसा संहार केला ते आठवा, असे ते आपल्या इंग्रज वाचकांना बजावतात. त्या वंशाचे लोक आजही आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे; परंतु वेल्स यांच्या आरोपाचा रोख त्यामुळे बोथट होत नाही. परका सत्ताधीश ही आमच्या वाचकांसही केवळ कल्पना नाही. १५१० साली ज्या पोर्तुगीजांनी गोवा जिंकला, त्यांच्याच जहाजांतून तेथे मिशनरीही आले. आपण कधी पीडितांच्या तर कधी सत्तेच्या बाजूस उभे राहिलो आहो. म्हणून ‘शेष’ हा शब्द आपण आपल्या अल्पसंख्येच्या अभिमानासाठी वापरू नये.

धर्मशिक्षकांनी ही कथा तरुणांसमोर अवश्य ठेवावी आणि त्यांना एकच प्रश्न विचारावा: तुमच्या भुयारात कोणाला जागा नाही? धर्मगुरूंसाठी मात्र प्रश्न वेगळा आहे. शीनच्या पडक्या घरात त्या क्युरेटला जे उशिरा सुचले, ते आपल्याला येत्या रविवारी, भरल्या मंदिरात, शांततेच्या काळी बोलता येण्याजोगे आहे. ते बोलण्याची बुद्धी आणि धैर्य प्रभूने आपणां सर्वांस वेळेवर द्यावे.