दशांश छापायचे कुणी?

गेल्या आठवड्यात आमच्या रीडिंग ग्रुपमध्ये स्टील आणि व्हाइट यांचा १९९० चा पेपर वाचला. फ्लोटिंग-पॉइंट संख्या अचूक कशी छापायची, एवढाच त्याचा विषय. त्यांची अट मला फार आवडते: छापलेलं परत वाचलं तर नेमका तोच फ्लोट मिळाला पाहिजे, आणि तरी अंक कमीत कमी हवेत. म्हणजे ०.१ ला ०.१ च छापा, ०.१०००००००१४९ नको. पुढे लोइट्शचा ग्रिसू (२०१०) आला, ॲडम्सचा र्‍यू (२०१८) आला. भर मुख्यतः वेगावर.

माझी तक्रार अटीबद्दल नाहीच. या सगळ्या परंपरेत एक गोष्ट न बोलता धरलेली आहे: ज्या यंत्रात संख्या आहे, त्यानेच ती दशांशात छापायची. लॅपटॉपवर ठीक आहे. पण एटीमेगा३२८पी घ्या. ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, फ्लोटिंग-पॉइंटचं हार्डवेअर नाही. तिथल्या एव्हीआर-लिबसीमध्ये प्रिंटएफला '%एफ' दिलं तर नेहमीच्या सेटिंगमध्ये चक्क प्रश्नचिन्ह छापून येतं. खरे अंक हवे असतील तर वेगळी, जास्त जागा खाणारी लायब्ररी लिंक करा.

मग आपण सगळे काय करतो? जुगाड. पूर्णांक भाग वेगळा काढायचा, उरलेल्याला १०० ने गुणायचं, आणि '%डी.%डी'. मीही तेच केलं होतं, बॅटरीचं व्होल्टेज बघायला. बॅटरी उतरत होती ३.१५, ३.१०, ३.०५ अशी. लॉगमध्ये दिसलं ३.१५, ३.९, ३.४! मी सेल बदलला, वायरी बदलल्या, दोन दिवस घालवले. चूक छपाईत होती, आणि एक नाही, दोन. पुढचं शून्य गळालं ही पहिली. दुसरी जास्त छुपी: ३.०५ हा फ्लोट प्रत्यक्षात ३.०४९९९९९५ असतो, म्हणून शंभरपट केल्यावर ४.९९९९९५ येतं आणि पूर्णांक करताना त्याचे ४ होतात. (उणे संख्येची तर मजाच. -०.५ चं '०.-५०' होतं.) एवढ्यावर निभावलं असतं, कारण खरे ३.४० असतील तर '३.४०' असं छापलं जातं, म्हणजे फरक ओळखता येतो. पण मी लॉग स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह केला आणि मूळ फाइल उडवली. स्प्रेडशीटने दोन्हींचे ३.४ केले. तो डेटा गेला तो गेलाच.

म्हणून माझं म्हणणं: डीबगिंगसाठी उपकरणाने दशांश छापूच नयेत. फ्लोटचे चार बाइट जसेच्या तसे उचलून हेक्समध्ये पाठवा. ३.०५ साठी ते ४०४३३३३३ असे दिसतात. इकडे लॅपटॉपवर पायथनचं स्ट्रक्ट मोड्यूल त्याचा परत फ्लोट करून देतं, एकही बिट न हरवता. स्टील-व्हाइटची परत वाचण्याची अट इथे फुकटात पाळली जाते, आणि त्यांचा अल्गोरिदम हवाच असेल तर तो लॅपटॉपवर खुशाल चालवा. वेळही वाचतो. ९६०० बॉडला एक अक्षर पाठवायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. कुठलाही फ्लोट बिनचूक परत मिळवायला ९ सार्थ अंक लागतात. चिन्ह, बिंदू, घातांक धरून १५ अक्षरं सहज होतात. हेक्सची नेहमी आठच.

ग्रुपमध्ये एकाने विचारलं, समोर लॅपटॉपच नसेल तर? उपकरणाच्या एलसीडीवर माणसाला आकडा वाचायचा असेल तर हेक्स निरुपयोगी, हे मान्य. पण तिथे मी फ्लोटपर्यंत जाणारच नाही. व्होल्टेज सुरुवातीपासून मिलिव्होल्टमध्ये पूर्णांक म्हणून ठेवायचं आणि सरळ ३०५० दाखवायचं. माझ्या नव्या फर्मवेअरमध्ये आता तसंच आहे.