शीघ्र चाचणीतील शीघ्रता : अब्जांश पदार्थ आणि अन्नजन्य जीवाणू

अब्जांश पदार्थांवरील लेखनात अन्नजन्य जीवाणूंची चाचणी ‘काही मिनिटांत’ होते, असे विधान वारंवार आढळते. सावेडीसारख्या उपनगरात रोज घरोघर पोहोचणाऱ्या दुधाच्या संदर्भात ते तपासून पाहणे आवश्यक आहे. येथे निकाल चुकल्यास त्याची किंमत दूध पिणाऱ्या बालकाला अथवा दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला मोजावी लागते.

या चाचणीचे तत्त्व निर्विवाद आहे. सुमारे 40 नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण लाल दिसतात. त्यांवर प्रतिपिंडे बसविल्यास ते जीवाणूला चिकटतात आणि पट्टीवरील दुसऱ्या प्रतिपिंडांपाशी अडकून लाल रेघ उमटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री यांच्या गटाने 2004 मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या अर्काच्या साहाय्याने सोन्याचे व चांदीचे कण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. कण मिळविणे ही आता मुख्य अडचण उरलेली नाही.

खरी अडचण गणिताची आहे. भारतीय मानकांनुसार पाश्चरीकृत दुधाच्या 25 ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला आढळता कामा नये. पट्टीवर मात्र जेमतेम 0.1 मिलिलिटर द्रव टाकला जातो. 25 मिलिलिटर दुधात एकच जीवाणू असल्यास तो त्या थेंबात येण्याची शक्यता 250 मध्ये 1 एवढीच असते. कणांची संवेदनशीलता कितीही वाढविली तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. शिवाय साध्या पट्टीला दर मिलिलिटरमागे लाखाच्या घरात जीवाणू लागतात. 25 ग्रॅम नमुना 225 मिलिलिटर पोषक माध्यमात वाढविल्यास एका जीवाणूपासून ही संख्या गाठण्यासाठी सुमारे 25 वेळा दुप्पट व्हावे लागते. प्रत्येक दुपटीस 20 मिनिटे धरली, तरी आठ तासांहून अधिक काळ जातो. चुंबकीय अब्जांश कणांनी जीवाणू एकवटून हा काळ कमी करता येतो, परंतु तो शून्य होत नाही.

दुसरा आक्षेप माध्यमाविषयी आहे. शुद्ध द्रावणात मिळालेली संवेदनशीलता दुधात टिकेलच असे नाही, कारण दुधातील प्रथिने कणांच्या पृष्ठभागावर बसतात आणि स्निग्धांश पट्टीतील प्रवाहास अडथळा आणतो. तसेच प्रतिपिंडे मृत जीवाणूंनाही चिकटू शकतात. त्यामुळे पाश्चरीकरणाने मेलेले जीवाणूही चाचणीत मोजले जाण्याचा संभव राहतो.

याचा अर्थ ही चाचणी निरुपयोगी आहे असा नव्हे. पारंपरिक संवर्धन पद्धतीने साल्मोनेलाची खात्री होण्यास साधारणतः चार-पाच दिवस लागतात. त्या तुलनेत एका दिवसात मिळणारा प्राथमिक निकाल ही मोठीच उपलब्धी होय. मात्र ‘मिनिटे’ ही रेघ उमटण्याची वेळ आहे, निदानाची नव्हे. महाविद्यालयीन संशोधन प्रकल्पांनी नमुना घेतल्यापासून निकालापर्यंतचा एकूण वेळ, प्रत्यक्ष दुधातील शोधमर्यादा आणि संवर्धन पद्धतीशी केलेली तुलना या तिन्ही बाबी नोंदविल्या, तरच त्यांच्या दाव्यांचे मूल्यमापन करणे शक्य होईल.