एल्युसिसची ओंबी

पुण्यास शिकणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने सुटीत आमच्या हाती एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ ठेवला आणि तो म्हणाला, "फादर, हे वाचून झाले की आपण मिस्साविषयी पुन्हा बोलू." ब्रायन मुरारेस्कू या अमेरिकन वकिलाचा 'द इम्मॉर्टॅलिटी की' हा तो ग्रंथ. तो २०२० साली प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य देशांत भरपूर खपला. तरुणाच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. काहीशी काळजीच होती. त्यामुळे धानाच्या रोवणीचे दिवस असूनही आम्ही तो ग्रंथ शेवटपर्यंत वाचला.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना एल्युसिस हे नाव अपरिचित असेल. अथेन्सपासून सुमारे वीस किलोमीटरवर समुद्रकाठी हे गाव आहे. धान्याची देवी डिमीटर हिची कन्या पर्सेफोनी पाताळात नेली गेली, शोकाकुल आईने पृथ्वीवरचे पीक रोखून धरले, आणि कन्या वर्षातील काही काळापुरती परत आली, अशी तेथील कथा. या कथेभोवती तेथे हजार वर्षांहून अधिक काळ एक गुप्त दीक्षाविधी चालत असे. स्त्रियांना प्रवेश होता, गुलामांनाही होता. ग्रीक भाषा समजावी आणि हात मनुष्यवधाने विटाळलेले नसावेत, एवढीच अट. दीक्षार्थी उपवास करीत, सातू, पाणी व पुदिन्याच्या जातीची वनस्पती यांचे 'किकेऑन' नावाचे पेय घेत आणि रात्री मोठ्या सभागृहात प्रवेश करीत. आत काय दिसले हे बाहेर सांगणाऱ्यास देहान्त शिक्षा होती. रहस्य इतके चोख पाळले गेले की आज आपल्याला फार थोडे ठाऊक आहे. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक हिप्पोलितस सांगतो की, अखेरीस कापलेली एक ओंबी नि:शब्दपणे दाखवली जात असे. मरणाला सामोरे जाण्याची अधिक चांगली आशा येथे मिळते, अशी साक्ष सिसेरोसारख्या चिकित्सक रोमन माणसानेही दिली आहे. तेव्हा या विधीची थट्टा करण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

मुरारेस्कू यांचे म्हणणे असे की, त्या पेयात अरगट मिसळलेला असावा. अरगट म्हणजे धान्याच्या कणसावर वाढणारी विषारी बुरशी. आल्बर्ट हॉफमन यांना एलएसडी हे द्रव्य याच बुरशीच्या अभ्यासातून गवसले, आणि १९७८ साली 'द रोड टू एल्युसिस' या पुस्तकात त्यांनी व त्यांच्या दोन सहलेखकांनी हाच तर्क मांडला होता. मुरारेस्कू तो पुढे नेतात: दीक्षार्थींना झालेले दर्शन या द्रव्याचा परिणाम होता, आणि आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींचे पवित्र भोजनही त्याच परंपरेतले असावे.

ग्रंथ रंजक आहे, हे मान्य केले पाहिजे. लेखक ग्रीक व लॅटिन जाणतो, पुराणवस्तुसंग्रहालये धुंडाळतो, व्हॅटिकनच्या अभिलेखागारात बसतो. परंतु वकिली बाणा लपत नाही. एका प्रकरणातील 'कदाचित' पुढील प्रकरणात 'बहुधा' होते आणि त्यापुढे ते गृहीतच धरले जाते. अरगटाचा पुरावा मिळतो तो स्पेनमधील कॅटलोनियात, मास कास्तेलार या ग्रीक प्रभावाखालील वसाहतीत: एका लहान भांड्यात आणि एका मानवी जबड्याच्या दातांत. एल्युसिसच्या भांड्यांत नव्हे. आणि ख्रिस्ती प्याल्याबाबत तर असा रासायनिक पुरावा लेखकाने दिलेलाच नाही. आपल्या राज्यातील बाजरी पिकवणारे शेतकरीही अरगट ओळखतात. बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे रोगट दाणे ते काढून टाकतात, कारण ते पोटात गेल्यास मळमळ, उलट्या आणि गुंगी येते. ग्रीक शेतकऱ्याला एवढे कळत नसेल, असे मानणे अवघड आहे. त्याच विषातून पुरोहितांनी शतकानुशतके बिनचूक मात्रा काढली, हे मानणे त्याहून अवघड.

कोरिंथच्या मंडळीविषयीचे विवेचन आम्हांला सर्वांत दुबळे वाटले. तेथे काही जण प्रभुभोजनानंतर आजारी पडले, काही मरण पावले, असे संत पॉल लिहितात. त्यावरून लेखक प्याल्यात काही जहाल द्रव्य असल्याचा संशय घेतो. पण तोच अध्याय नीट वाचावा. श्रीमंत आधीच खाऊन-पिऊन तृप्त होतात आणि गरीब उपाशी राहतात, ही पॉल यांची तक्रार आहे. त्यांचा रोष पेयावर नाही, शेजाऱ्याला विसरणाऱ्या पंगतीवर आहे. अथेन्सहून कोरिंथला जाणारा खुष्कीचा मार्ग एल्युसिसवरूनच जातो. त्या मंडळीतील काहींनी तो विधी पाहिलाही असेल. म्हणूनच स्वत:च्या अनुभूतीत रमण्याचा धोका पॉल यांना लवकर दिसला असावा.

ग्रंथाचा खरा रोख मात्र भूतकाळाकडे नाही. हा अनुभव आज पुन्हा उपलब्ध व्हावा, असे लेखकास वाटते. अमेरिकेत कर्करोगाच्या रुग्णांना विशिष्ट अळंब्यांतील सायलोसायबिन हे द्रव्य वैद्यकीय देखरेखीखाली दिले असता अनेकांची मृत्यूची धास्ती कमी झाली, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. त्यात त्याला नवे एल्युसिस दिसते. मरणासन्न माणसाला दिलासा मिळत असेल तर आम्ही नाक मुरडणार नाही. खाटेशेजारी बसून आम्हीही ते भय पाहिले आहे. पण उपचार आणि धर्म या वेगळ्या गोष्टी आहेत.

धर्म पुन्हा उभा कसा राहतो? ग्रीसमध्ये १९२७ साली कवी आंगेलोस सिकेलियानोस व त्यांची पत्नी ईव्हा यांनी डेल्फी येथे प्राचीन नाट्याचा भव्य उत्सव केला. १९३० साली तो आणखी एकदा झाला आणि थांबला. प्राचीन देवांची उपासना करणाऱ्या आजच्या ग्रीकांना २०१७ साली तेथील शासनाने मान्यता दिली, हे योग्यच झाले. आपणही अल्पसंख्य आहोत. त्या मान्यतेचे मोल आपणांस समजते. परंतु एल्युसिसचे पौरोहित्य ठरावीक घराण्यांत होते आणि विधी तोंडी चालत आला. इ. स. ३९२ मध्ये सम्राट थिओडोसियसने जुन्या उपासनांवर बंदी घातली आणि चार वर्षांत गॉथ लोकांनी ते स्थान उद्ध्वस्त केले. ती बंदी ख्रिस्ती सम्राटाची होती, हे आपण विसरू नये. त्यानंतर सांगणारा कोणी उरला नाही. ग्रंथ नाही, गुरू नाही. उरला तो तर्क.

याउलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीखाली इसवी सनापूर्वीचा स्तूप सापडला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. शतकानुशतके ती मातीखाली होती. पण त्या उत्खननाच्या आधीच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, येथून साठेक किलोमीटरवर नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला होता. दोनच वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पराभूत झाले होते. त्यांना दीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणी ब्रह्मदेशाच्या जिवंत परंपरेतले होते; पाली ग्रंथ होते, संघ होता. बाबासाहेबांनी अनुयायांना कोणतेही पेय दिले नाही, बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या रोजच्या जगण्याला बांधणाऱ्या होत्या. त्या दिवशी कोणाला दिव्य दर्शन झाले का, असे कोणी विचारत नाही. माणसे मान वर करून गावी परतली, हे मात्र येथील प्रत्येक गाव जाणते. श्रद्धेने आम्ही वेगळे आहोत. तरीही लुप्त झालेला धर्म परत येणे म्हणजे काय, हे समजण्यास मुरारेस्कूंच्या शेकडो पानांपेक्षा पवनीची टेकडी आम्हांला अधिक उपयोगी पडली.

आपल्या धर्मसभेनेही जुने पुनरुज्जीवित केले आहे. पास्काच्या रात्रीचा जागरविधी पोप बारावे पायस यांनी १९५१ पासून पुन्हा रात्री साजरा होऊ दिला. प्रौढांच्या दीक्षेचे प्राचीन टप्पे १९७२ साली परत आले. या विचाराला चालना देणाऱ्यांत जर्मन बेनेडिक्टाइन संन्यासी ओडो कासेल होते. ग्रीक रहस्यविधींनी ख्रिस्ती उपासनेची भाषा तयार केली, असे ते निर्भयपणे म्हणत आणि त्यासाठी त्यांनी टीकाही सोसली. १९४८ साली पास्काच्या जागरणातच त्यांचा अंत झाला. योहानाच्या शुभवर्तमानात ग्रीक लोक प्रभूला भेटू इच्छितात, तेव्हाच प्रभू मातीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी बोलतो. कासेल वाचलेल्यास हा प्रसंग निराळाच दिसतो. सेमिनरीत आम्ही त्यांना परीक्षेपुरते वाचले होते, ही आमची उणीव.

तरुण पुन्हा आला तेव्हा हे सारे आम्ही त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "पण फादर, मिस्सात मला काहीच जाणवत नाही, त्याचे काय?" आम्ही खरे ते सांगितले: वेदीवर उभे असताना कित्येक सकाळी आम्हांलाही काही जाणवत नाही. मग त्याला सोबत घेऊन आम्ही अंथरुणाला खिळलेल्या एका आजीकडे ख्रिस्तशरीर द्यायला गेलो. दिवसभर चिखलात रोवणी करून आलेली तिची सून भिंतीला टेकून पेंगत होती. प्रार्थना सुरू होताच ती उठली, आणि सासूचे डोके तिने हाताने उचलून धरले. तरुणाने पाण्याचा पेला पुढे केला. परतताना तो फारसे बोलला नाही. ग्रंथ अजून आमच्याकडेच आहे. ज्यांना वाचायचा असेल त्यांनी जरूर न्यावा.