फॉस्फरस की नायट्रोजन? सरोवरांच्या सुपोषणविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

गोड्या पाण्याच्या अभ्यासात काही प्रयोगांना पाठ्यपुस्तकांनी अंतिम शब्दाचे स्थान दिले आहे. डेव्हिड शिंडलर (१९४०–२०२१) व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील सरोवरांवर केलेले सुपोषणाचे प्रयोग त्यांपैकीच होत. पोषकद्रव्ये वाढल्याने पाण्यात शैवालांची बेसुमार वाढ होणे आणि परिणामी खोल पाण्यातील प्राणवायू घटणे, या प्रक्रियेस सुपोषण म्हणतात. तिच्या नियंत्रणासाठी केवळ फॉस्फरस रोखणे पुरेसे आहे काय, या प्रश्नावर सांडपाणी शुद्धीकरणाचा मोठा खर्च व पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नावरील जुन्या व नव्या संशोधनाची चिकित्सा केली आहे.

अभिजात प्रयोग

ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात १९६८ साली ‘प्रायोगिक सरोवर क्षेत्र’ स्थापन झाले. शैवालवाढीचे मूळ कार्बनमध्ये आहे, हे मत त्या काळी मांडले जात होते आणि फॉस्फेटयुक्त डिटर्जंट बनविणाऱ्या उद्योगाला ते सोयीचे होते. १९६९ पासून ‘सरोवर २२७’ मध्ये फॉस्फरस व नायट्रोजन मिसळण्यात आले. या पाण्यात कार्बन अत्यल्प होता. तरीही शैवाले माजली, कारण कमी पडणारा कार्बन हवेतून मिळत राहिला. कार्बनवादाचे हे निर्णायक खंडन होते.

१९७३ साली ‘सरोवर २२६’ मधोमध पडदा लावून विभागण्यात आले. एका भागात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्यात त्यांसह फॉस्फरस घालण्यात आला. दुसरा भाग नीलहरित शैवालांनी झाकला गेला. त्याचे विमानातून घेतलेले छायाचित्र जगभर गाजले.

या छायाचित्राविषयी दोन बाबी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ऐतिहासिक आहे. फॉस्फरस-नियंत्रणाचे श्रेय अनेकदा या चित्राला दिले जाते. परंतु पंचमहासरोवरांच्या जलगुणवत्तेविषयीचा कॅनडा-अमेरिका करार १९७२ चा, म्हणजे त्यापूर्वीचा आहे. चित्राने धोरणाला जनमान्यता मिळवून दिली, धोरण जन्माला घातले नाही. दुसरी बाब तर्काची आहे. नायट्रोजन दोन्ही भागांत घातला होता. त्यामुळे फॉस्फरसची भर नसताना कार्बन व नायट्रोजन निष्प्रभ ठरतात, एवढेच या प्रयोगातून सिद्ध होते. नायट्रोजन गौण आहे, हा निष्कर्ष या मांडणीतून निघत नाही.

नायट्रोजनचा वाद

तो प्रश्न पुन्हा ‘सरोवर २२७’ कडेच गेला. तेथे १९७५ मध्ये नायट्रोजनची मात्रा घटविली गेली आणि १९९० पासून ती पूर्णतः बंद झाली. फॉस्फरस मात्र चालू राहिला. हवेतील नायट्रोजन स्थिर करणाऱ्या नीलहरित शैवालांनी ही उणीव भरून काढली, असा निष्कर्ष शिंडलर व सहकाऱ्यांनी २००८ साली ३७ वर्षांच्या नोंदींवरून मांडला. स्कॉट व मॅकार्थी यांनी २०१० मध्ये त्याच सरोवराच्या आकडेवारीवरून ही भरपाई अपुरी असल्याचे प्रतिपादन केले. २०१८ साली हिगिन्स व सहकाऱ्यांनी ४६ वर्षांच्या नोंदींच्या आधारे मूळ मताचीच पुष्टी केली. एकाच आकडेवारीतून परस्परविरोधी निष्कर्ष निघावेत, याचे एक कारण प्रश्न भिन्न असण्यात आहे. एका पक्षाने सरोवरातील नायट्रोजनचा साठा घटतो काय हे पाहिले, तर दुसऱ्याने शैवाले घटतात काय हे पाहिले.

चीनमधील ताइहू सरोवराने या वादाला वेगळे वळण दिले. सुमारे २,३०० चौ. कि.मी. विस्ताराचे हे सरोवर सरासरी अवघे दोन मीटर खोल आहे. २००७ साली तेथील शैवालांमुळे वूशी शहराचा पाणीपुरवठा संकटात आला. तेथे प्रामुख्याने माजणारे ‘मायक्रोसिस्टिस’ हवेतील नायट्रोजन स्थिर करू शकत नाही. हिवाळा-वसंतात फॉस्फरस, तर उन्हाळा-शरदात नायट्रोजन वाढीला मर्यादा घालतो, असे २०१० च्या अभ्यासात दिसले. उथळ तळातून फॉस्फरस वारंवार वर येतो आणि विनायट्रीकरणाने नायट्रोजन हवेत निघून जातो, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण आहे.

तथापि असे निष्कर्ष बहुधा लहान पात्रांत काही दिवस केलेल्या चाचण्यांवर आधारलेले असतात. गाळाशी होणारी देवाणघेवाण व शैवालसमूहात वर्षानुवर्षे होणारे बदल पात्रात उतरत नाहीत, हा शिंडलर यांचा आक्षेप रास्त आहे. उलटपक्षी, पाच हेक्टरांचे, दहा मीटर खोल, थंड प्रदेशातील सरोवर ताइहूचे प्रतिनिधित्व करते, असेही म्हणता येत नाही. २०१६ साली दोन्ही पक्षांचे लेख एकाच नियतकालिकात आले आणि मतभेद कायम राहिला.

निष्कर्ष

फॉस्फरस-नियंत्रणाला प्राधान्य देण्याचे तत्त्व आजही टिकून आहे. १९६० च्या दशकात सांडपाणी वळविल्यानंतर सिएटलजवळील वॉशिंग्टन सरोवर सुधारले, हा त्याचा प्रत्यक्ष पुरावा आहे. मात्र उथळ, उष्ण व दीर्घकाळ सांडपाणी घेणाऱ्या जलाशयांत नायट्रोजनकडे दुर्लक्ष करण्यास पुरेसा आधार नाही. महाराष्ट्रातील पावसाळ्यात भरणारे व उन्हाळ्यात आटणारे अनेक तलाव गुणधर्मांनी कॅनडातील सरोवरांपेक्षा ताइहूला अधिक जवळचे आहेत. त्यांच्याबाबत वर्षभराच्या मासिक नमुन्यांतील फॉस्फेट व नायट्रेटचे आकडे पाहून पाठ्यपुस्तकातील उत्तर चिकटविणे अशास्त्रीय ठरेल. शिंडलर यांचा खरा वारसा फॉस्फरस या उत्तरापेक्षा त्यांच्या पद्धतीत आहे: संपूर्ण सरोवर हेच प्रयोगाचे एकक मानणे आणि दशकानुदशके नोंदी ठेवणे. आपल्या तलावांविषयी निर्णय घेण्यापूर्वी अशा दीर्घकालीन नोंदींची सुरुवात होणे आवश्यक आहे.